हिमाच्या वाटेवरील मिशनरी : फादर आंतोनियो द आंद्रादे

सिंधुदुर्गातील आपल्या लोकांनी हिम पाहिले ते बहुधा चित्रातच. कट्टा, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या परिसरात थंडी म्हणजे पहाटेचे दव आणि शेकोटीची ऊब. पण आपली तरुण मुले आज सैन्यात आणि सीमा दलांत भरती होऊन लडाख-उत्तराखंडच्या चौक्यांवर उभी आहेत. काही जण सुट्टीत मनालीला किंवा औलीला जातात, पायांत फळ्या बांधून हिमावरून घसरण्याचा, म्हणजे स्कीइंगचा, खेळ शिकतात. अशा वेळी, हिमाच्या वाटेने सुखरूप कसे जावे हे अतिशय मोठी किंमत देऊन शिकलेल्या एका धर्मगुरूंची आठवण होते. त्यांची कर्मभूमी आपल्या शेजारी, गोव्यातच होती. त्यांचे नाव फादर आंतोनियो द आंद्रादे. हिमालयाची मुख्य रांग ओलांडून तिबेटात पोचलेले पहिले ज्ञात युरोपीय म्हणून जगाचा इतिहास त्यांना ओळखतो.

पोर्तुगालहून गोव्यात

आंतोनियो यांचा जन्म १५८० साली पोर्तुगालमधील ओलेरोस या गावी झाला. १५९६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी येशूसंघात प्रवेश केला आणि १६०० साली ते भारताकडे निघाले. त्या काळी लिस्बनहून गोव्याला येणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून सहा-सहा महिने प्रवास करीत आणि वाटेत अनेकांना रोगराईने मृत्यू येई. जो तरुण या प्रवासाला निघे, तो घरच्यांचा कायमचा निरोप घेऊनच निघे.

गोव्यात संत पॉल महाविद्यालयात त्यांचे उर्वरित शिक्षण झाले आणि तेथेच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढची अनेक वर्षे त्यांनी गोव्यात आणि साष्टीत सेवा केली. त्याच काळात, त्याच येशूसंघाच्या प्रांतात, फादर थॉमस स्टीफन्स आपले ख्रिस्तपुराण मराठीत रचत होते. ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. म्हणजे एकाच संघातील एक धर्मगुरू लोकांच्या भाषेचा घाट चढत होता, तर दुसऱ्याच्या वाट्याला पुढे खरोखरचे पर्वत यायचे होते.

१६२१ साली फादर आंद्रादे यांच्याकडे मोगल दरबारातील मिशनची जबाबदारी आली आणि ते आग्र्याला गेले. अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून धन्यवादित रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे सहकारी १५८० साली गोव्याहून फतेहपूर सिक्रीला पोचले होते, तेव्हापासूनची ही परंपरा. आग्र्याच्या बाजारात काश्मीर, काबूल, तिबेट अशा दूरदूरच्या प्रदेशांतून व्यापारी येत. पर्वतांच्या पलीकडे ख्रिस्ती लोक राहतात, त्यांच्या विधींत आपल्या विधींचे साम्य आहे, अशा वार्ता त्यांच्याकडून वारंवार कानी पडत. याच शोधासाठी येशूसंघाचे ब्रदर बेंतो द गोइश १६०२ साली आग्र्याहून निघून पामीरच्या पठारावरून चीनच्या सीमेपर्यंत गेले होते आणि १६०७ साली तेथेच वारले होते. तरीही वार्ता थांबल्या नव्हत्या. कोणा विसरलेल्या ख्रिस्ती बांधवांपर्यंत पोचण्याची ओढ फादर आंद्रादे यांच्या मनात घर करून राहिली.

यात्रेकरूंच्या संगतीत

३० मार्च १६२४ रोजी फादर आंद्रादे आग्र्याहून निघाले. सोबत येशूसंघाचे ब्रदर मानुएल मार्केस आणि दोन ख्रिस्ती सेवक होते. दिल्लीत त्यांना बद्रीनाथच्या यात्रेला जाणाऱ्या हिंदू यात्रेकरूंचा तांडा भेटला. हीच संधी साधून त्यांनी देशी पोशाख केला आणि त्या तांड्यात सामील झाले.

हरिद्वारपासून पुढे पहाड सुरू झाला. दोन्ही बाजूंनी सरळ उभे कडे, मधून एका पावलापुरती वाट आणि खाली खोल दरीत गर्जणारी नदी. काही ठिकाणी हातांनी खडकाला धरून सरकावे लागे. नदी ओलांडायला झुलते दोरपूल होते. अधिक उंचीवर गेल्यावर दोरपूलही संपले. तेथे हिवाळ्यात साचलेले हिम नदीवर छतासारखे पसरलेले असे, त्यावरून चालायचे आणि पायाखाली पाण्याचा घोष ऐकायचा. सोबतचे यात्रेकरू, त्यांत वृद्धही होते, बद्रीनाथाच्या नावाचा गजर करीत ही वाट तुडवत होते.

गढवालची राजधानी श्रीनगर येथे त्यांची कसून चौकशी झाली. सामान तपासण्यात आले. आपण एका भावाच्या भेटीला पलीकडे चाललो आहोत असे त्यांनी सांगितले. मनात हेतू होता तो तेथील कल्पित ख्रिस्ती बांधवांचा. वेषांतर आणि असे द्व्यर्थी उत्तर आज आपल्याला खटकते, खटकावेही. परक्या मुलखात संशयाच्या सावलीत वावरणाऱ्या माणसाची ती धडपड होती एवढेच म्हणता येईल. काही दिवसांनी त्यांना पुढे जाऊ देण्यात आले.

जोशीमठावरून ते बद्रीनाथला पोचले. तेथून जवळच माणा हे खिंडीच्या अलीकडचे शेवटचे गाव. तेथील भोटिया लोक उन्हाळ्यात तिबेटशी व्यापार करीत आणि हिवाळा आला की गुरेढोरे घेऊन खालच्या खोऱ्यात उतरत.

घाईची किंमत

माणा गावच्या लोकांचा एक नियम होता. हिम वितळून खिंड मोकळी होईपर्यंत कोणी वर जायचे नाही. हा नियम आपल्या मालवणच्या दर्यावर्दी लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली झाकल्या जातात. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होईपर्यंत दर्यात उतरायचे नाही, ही किनाऱ्यावरची जुनी रीत. कितीही धाडसी नाखवा असला तरी तो उधाणाशी हुज्जत घालत नाही. माणाचे भोटिया हिमसागराच्या काठावरचे असेच जाणते लोक होते.

परंतु फादर आंद्रादे यांना थांबणे कठीण होते. श्रीनगरच्या राजाकडून आपल्याला अडवण्याचा हुकूम येत आहे अशी कुणकुण त्यांना लागली. ब्रदर मार्केस यांना माणा येथे ठेवून, दोन्ही ख्रिस्ती सेवक आणि गावातला एक वाटाड्या यांच्यासह ते खिंड उघडण्यापूर्वीच वर निघाले. थोड्याच दिवसांत मागून माणसे आली. परत फिरण्यासाठी त्यांनी धमकावले, पुढे गेलात तर मरण निश्चित आहे असे बजावले. वाटाड्या घाबरून परतला. फादर आंद्रादे मात्र त्या दोन तरुणांसह पुढेच गेले.

त्यानंतर जे घडले ते त्यांनी स्वतः आपल्या वरिष्ठांना पत्राने कळवले आहे. वाट कुठेच दिसत नव्हती. कोवळ्या हिमात पाय कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत रुतत. उभे राहून चालणे अशक्य झाले की ते हिमावर आडवे होऊन पोहल्यासारखे सरकत. अंगाचा भार अधिक जागेवर पसरला की माणूस कमी रुततो, हे तत्त्व त्यांना संकटाने शिकवले. पायांत बांधायच्या लांब फळ्यांचे, म्हणजे स्कीचे, सारे रहस्य याच तत्त्वात आहे. उत्तरेच्या हिमप्रदेशांतील लोकांना त्या हजारो वर्षांपासून ठाऊक होत्या. आंद्रादे यांच्याजवळ मात्र साध्या वहाणा आणि काठी यांपलीकडे काही नव्हते.

रात्री एक घोंगडी हिमावर अंथरून, उरलेल्या अंगावर घेऊन तिघे एकमेकांना चिकटून पडत. हिम इतके पडे की मधूनमधून उठून ते झटकावे लागे, नाहीतर झोपेतच गाडले गेले असते. खायला भाजलेल्या जवाचे पीठ, तेही पाण्यात कालवून. पाय गारठून सुजले आणि बधिर झाले. तापलेले लोखंड टेकवले तरी जाणवू नये अशी त्यांची अवस्था झाली. एके ठिकाणी फादर आंद्रादे यांच्या बोटाचा तुकडा पडला, आणि रक्त दिसेपर्यंत त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. हिमावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने तिघांचेही डोळे गेल्यासारखे झाले. आंद्रादे यांनी डोळे झाकण्याची थोडी काळजी घेतली होती, तरीसुद्धा पंचवीस दिवसांहून अधिक काळ त्यांना प्रार्थनापुस्तकातले एक अक्षरही ओळखता येत नव्हते.

या उंचीवर धडधाकट माणसे अचानक अस्वस्थ होऊन मरतात, त्याचे कारण जमिनीतून निघणारी विषारी वाफ, असे तेथील लोक मानत. आंद्रादे यांना वाटे की कडाका आणि उपासमार हीच खरी कारणे असावीत. आज आपल्याला ठाऊक आहे की माणा खिंड सुमारे ५६०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवा इतकी विरळ आहे की प्रत्येक श्वासात समुद्रकिनाऱ्यावरच्या जवळजवळ निम्माच प्राणवायू मिळतो. शरीराला सवय होऊ न देता वर चढणारा माणूस म्हणूनच कोसळतो. भोटियांचे स्पष्टीकरण चुकीचे होते, पण त्यांनी दिलेला इशारा खरा होता.

शेवटी ते खिंडीच्या माथ्यावर पोचले. समोर तिबेटचा प्रदेश होता, पण दिसत होते ते केवळ अथांग पांढरेपण. ना वाट, ना खूण. दोन्ही तरुणांची शक्ती संपली होती. पुढे जाणे म्हणजे त्यांचा मृत्यू. आणि येथे, ध्येय डोळ्यांपुढे असताना, फादर आंद्रादे मागे फिरले.

परतण्याचे धैर्य

बंधू-भगिनींनो, या चरित्रातला हा क्षण मला सर्वांत मोठा वाटतो. खिंड चढणे हे साहस होते, पण खिंडीवरून परतणे हा विवेक होता. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला सर्व सद्गुणांचा सारथी मानले आहे. धैर्याचा घोडा कितीही तेजस्वी असला तरी लगाम विवेकाच्या हाती नसेल तर रथ दरीत जातो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असा मोह सैतानाने प्रभू येशूला घातला, तेव्हा प्रभूने देवाची परीक्षा पाहण्यास नकार दिला. श्रद्धा म्हणजे संकटात स्वतःहून उडी घेणे नव्हे, हा धडा सुवार्तेने आधीच दिला होता. आंद्रादे यांना तो हिमात पुन्हा शिकावा लागला. स्वतःचा जीव धोक्यात घालणे एक गोष्ट, आपल्यावर विसंबून आलेल्या दोन तरुणांचा जीव पणाला लावणे अगदी दुसरी. इतिहासाच्या पुस्तकांत त्या दोन सेवकांविषयी ओळ-दोन ओळीच असतात. पण त्यांचे थकलेले चेहरे पाहूनच पुढारी परतला, हे विसरता कामा नये.

परतीच्या वाटेवर माणाहून ब्रदर मार्केस यांनी पाठवलेली माणसे त्यांना भेटली. मग स्वतः मार्केसही शिधा घेऊन आले. यावेळी फादर आंद्रादे यांनी घाई केली नाही. सुमारे महिनाभर ते थांबले. हिम वितळले, खिंड मोकळी झाली. पलीकडच्या गुगे राज्याच्या राजाला त्यांच्या येण्याची वार्ता लागली होती, त्याने माणसे आणि घोडे पाठवले. ज्या वाटेवर तिघांचा अंत व्हायचा होता, त्याच वाटेने ते ऑगस्टच्या आरंभी राजधानी त्सापरांग येथे सुखरूप पोचले. डोंगर तोच होता. बदलले होते तीन घटक : योग्य ऋतू, जाणकार सोबती आणि पुरेसा शिधा.

खिंडीजवळच्या एका तळ्यातून गंगा उगम पावते असे आंद्रादे यांना वाटले होते. ते तळे म्हणजे आजचे देवताल. तेथून निघणारी सरस्वती माणा गावाजवळ अलकनंदेला मिळते, हे आता सर्वांना माहीत आहे.

त्सापरांगचे चर्च

त्सापरांगमध्ये विसरलेले ख्रिस्ती लोक नव्हते, होते बौद्ध भिक्षू आणि त्यांचे मठ. अपेक्षा फोल ठरली, पण राजाने पाहुण्यांचे मनापासून स्वागत केले आणि पुन्हा येण्याचे वचन घेऊन, धर्मप्रचाराची मुभा देणाऱ्या पत्रासह त्यांना निरोप दिला. हिवाळा खिंड बंद करील त्याआधी परतणे आवश्यक होते. ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला आग्र्यात होते आणि ८ नोव्हेंबर १६२४ रोजी त्यांनी प्रवासाचा सविस्तर वृत्तान्त लिहून काढला. तो १६२६ साली लिस्बनमध्ये छापला गेला आणि लवकरच युरोपातील अनेक भाषांत पोचला.

दुसरा प्रवास त्यांनी १६२५ च्या उन्हाळ्यात केला, यावेळी फादर गोन्सालो द सोझा त्यांच्यासोबत होते. २८ ऑगस्ट रोजी ते त्सापरांगला पोचले. १२ एप्रिल १६२६ रोजी, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, तेथे आशेची माता पवित्र मरिया हिच्या नावे बांधल्या जाणाऱ्या चर्चची पायाभरणी झाली. जगाच्या छपरावर उभे राहिलेले ते छोटे मंदिर गोव्याच्या प्रांतातून गेलेल्या धर्मगुरूंच्या हातून घडले, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटावा.

मात्र या यशाला एक सावलीही आहे. राजा मिशनरींवर जितका प्रसन्न होत गेला तितका मठांतील लामांशी त्याचा संघर्ष वाढला. त्या संघर्षात राजाचा स्वतःचा भाऊही विरुद्ध बाजूला होता. फादर आंद्रादे गोव्याला परतल्यानंतर, १६३० साली, उठाव झाला. बंडखोरांच्या मदतीला लडाखचा राजा आला. गुगेचे राज्य बुडाले आणि राजाला कैद करून लेहला नेण्यात आले. मिशनची वाताहत झाली. सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर उभारलेले काम त्याच्याबरोबरच कोसळते, हा इशारा हिमकड्यांच्या इशाऱ्याइतकाच स्पष्ट होता. सूर्य तळपत असताना हिमाचा पूल भक्कम भासतो, पण खालचे पाणी तो आतून पोखरत असते.

अखेर

१६३० साली फादर आंद्रादे गोव्यात येशूसंघाचे प्रांतप्रमुख झाले. तिबेट मिशनची पाहणी करण्यासाठी त्यांनी फादर फ्रान्सिस्को द अझेवेदो यांना पाठवले. ते १६३१ साली त्सापरांगवरून लेहपर्यंत गेले. पद संपताच स्वतः पुन्हा तिबेटला जाण्याची फादर आंद्रादे यांची तयारी चालली होती. वय पन्नाशी ओलांडलेले, बोट गमावलेले, तरी मन खिंडीपलीकडेच होते. पण १९ मार्च १६३४ रोजी, संत जोसेफ यांच्या सणादिवशी, गोव्यात त्यांचा विषप्रयोगाने मृत्यू झाला. हिमवादळातून, कड्यांवरून, उपासमारीतून जे बचावले, ते आपल्याच घरात, आपल्याच माणसांत बळी पडले. बाहेरच्या धोक्यांपेक्षा माणसाच्या मनातील विष भयंकर, ही या चरित्रातील सर्वांत दुःखद ओळ आहे.

ब्रदर मार्केस यांनी १६४० मध्ये पुन्हा त्सापरांगची वाट धरली, पण ते पकडले गेले आणि कैदेतच राहिले. माणाच्या वाटेवरचे हे मिशन तेथे संपले. तिबेटची ओढ मात्र संपली नाही. फादर इप्पोलितो देसिदेरी हे येशूसंघीय धर्मगुरू लडाखमार्गे १७१६ साली ल्हासाला पोचले.

आजच्या प्रवाशांसाठी

फादर आंद्रादे ज्या जोशीमठावरून गेले, त्याच्याच वरच्या उतारांवर औली आहे. तेथे आज देशभरातील तरुण स्की शिकतात आणि भारत-तिबेट सीमा पोलिसांची पर्वतारोहण व स्कीइंग प्रशिक्षण संस्थाही तेथेच आहे. खुणा केलेल्या उतारांपलीकडे, मोकळ्या पर्वतात जायचे असेल तर शिक्षक नवशिक्याला आधी घसरायला नव्हे, पाहायला शिकवतात. ताजे हिम किती पडले, वारा कोठून वाहिला, ऊन कधीपासून लागले हे पाहायचे. सुमारे ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरूनच बहुतेक हिमकडे सुटतात, म्हणून तेथे एका वेळी एकानेच जायचे आणि इतरांनी त्याच्यावर नजर ठेवायची. हिमाखाली गाडलेल्याचा शोध घेणारे संदेशयंत्र, टोचून पाहण्याची लांब सळई आणि फावडे प्रत्येकाजवळ हवेच, कारण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच त्याच्या जगण्याची आशा मोठी असते, आणि तेवढ्या वेळात मदतीला पोचणारे फक्त सोबतीच असतात. सर्वांत मोठा नियम असा की गटातील एकाने जरी परतूया म्हटले, तरी सर्वांनी परतायचे.

हे केवळ हौशी मंडळींसाठी आहे असे समजू नये. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी याच माणा गावाजवळ रस्ताबांधणीच्या छावणीवर हिमकडा कोसळला. चोपन्न कामगार त्यात सापडले. सेना व सीमा दलांच्या जवानांनी शेचाळीस जणांना वाचवले, आठ जणांनी प्राण गमावले. पोटासाठी घर सोडून गेलेली ती साधी माणसे होती. आपल्या घरांतूनही मुले अशीच दूर जातात. त्यांच्यासाठी आणि त्यांना वाचवणाऱ्यांसाठी आपण प्रार्थना केली पाहिजे.

ख्रिस्तसभेने या प्रवाशांना एक आश्रयदाताही दिला आहे. अकराव्या शतकात आल्प्स पर्वतातील २४६९ मीटर उंचीच्या खिंडीवर संत बर्नार्ड यांनी वाटसरूंसाठी आश्रमगृह उभारले. तेथील व्रतस्थ धर्मगुरू शतकानुशतके वादळात वाट चुकलेल्यांना शोधायला बाहेर पडत आले आहेत. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांना पर्वतवासी व गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत घोषित केले. हे पोप स्वतः तरुणपणी निष्णात गिर्यारोहक होते आणि १८८९ साली त्यांनी मॉन्टे रोझाचा अवघड चढ पार केला होता. स्की आणि गिर्यारोहण या दोन्हींची आवड असलेले तरुण पिएर जॉर्जियो फ्रासाती यांना ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळाले, हेही आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

फादर आंद्रादे यांना संतपद मिळालेले नाही. त्यांच्या कार्यपद्धतीतील काही गोष्टी आज आपण तशाच स्वीकारणार नाही. तरीही त्यांच्या जीवनाने एक अमूल्य शिकवण मागे ठेवली आहे. देवाच्या कार्याची घाई झालेल्या माणसालाही ऋतूची वाट पाहावी लागते, स्थानिकांचे शहाणपण ऐकावे लागते आणि दुबळ्या सोबत्याच्या पावलाने चालावे लागते. धर्मग्रामात असो, कुटुंबात असो वा परदेशातील नोकरीत, आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाटेत एक बंद खिंड कधी ना कधी येते. ती उघडेपर्यंत थांबण्याचा संयम, उघडल्यावर निघण्याचे धैर्य आणि गरज पडल्यास परतण्याचा नम्रपणा प्रभू आपणा सर्वांना देवो. आशेची माता पवित्र मरिया दूरच्या वाटांवर असलेल्या आपल्या मुलाबाळांना सांभाळो.